बायपासवरच्या दुकानाचे तीन अहवाल

३० जानेवारी, मंगळवार

एजन्सीच्या मिझुगुचि बाईंचा सकाळीच फोन. काम मिळालं. उडोनच्या जाड शेवयांच्या एका साखळीची साकाइदे शहरात दोन दुकानं आहेत, एक स्टेशनसमोर आणि एक बायपासवर. मार्चअखेर त्यातलं एकच ठेवणार. विक्री दोन्हींची सारखीच, त्यामुळे निकाल गुप्त पाहणीच्या गुणांवर. प्रत्येक दुकानात तीनदा गिऱ्हाईक म्हणून जेवायचं आणि सहा अहवाल २७ फेब्रुवारीला संध्याकाळी पाचच्या आत द्यायचे.

कंपनीचं नाव कुठेही लिहायचं नाही, अशी करारात अट आहे. इथे लिहिलं तर कोणाला कळणार आहे? तरी लिहीत नाही.

मिझुगुचि बाई म्हणाल्या, "कुसानो-सान, एकाहत्तरव्या वर्षी झेपेल ना? लोक पहिल्याच दिवशी ओळखू येतात हो. वही काढून बसतात."

म्हटलं, अडतीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, वही कुठे काढायची नाही ते कळतं.

४ फेब्रुवारी, रविवार

फॉर्म पाठ केला. बावीस कलमं. तिन्ही वेळा तेच मागवायचं: मध्यम गरम उडोन, सोबत रताळ्याची भजी. 'सारात कोळंबी आहे का?' असं विचारायचं. टॉयलेट कुठे ते विचारायचं. जेवताना हातातल्या दोन काड्यांपैकी एक जमिनीवर पाडायची आणि किती सेकंदांत कोणी लक्ष देतं ते मोजायचं. टिपणं टॉयलेटमध्ये बसून काढायची.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काडी पाडायचा सराव केला. मुद्दाम पाडल्यासारखी वाटते. आज माझी बायको शिझुए असती तर हसून बेजार झाली असती.

६ फेब्रुवारी, मंगळवार

बायपासचं दुकान, पहिली भेट. बाराला दहा कमी असताना पोचलो. पुढे ट्रकवाले चौघं. ट्रे घेऊन रांगेत उभा राहिलो.

उडोन उकडायला इसोबे नावाची बाई होती, साठीच्या आतबाहेरची. छातीवरची पाटी सरळ, केस टोपीत.

"या साहेब, या! केवढा देऊ?"

"मध्यम. गरम. सारात कोळंबी आहे का?"

"नाही हो. सुकी मासळी आणि कोंबूचं समुद्री शेवाळ, बस. थांबा, कागदच दाखवते." यादी काढून दाखवली. मागे रांग असूनही. पूर्ण गुण.

उडोन अर्धं मिनिट जास्त शिजलेले. या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला ते पहिल्या घासाला कळतं. सार मात्र उत्तम. भजी गार. काडी पाडली. सहा सेकंदांत इसोबे बाई नवी जोडी घेऊन हजर. "असू द्या, वाकू नका, मी घेते."

टॉयलेट विचारलं, सांगितलं. स्वच्छ होतं.

एक खटकलं. बाईच्या मनगटात नारिंगी रबरी कडं होतं. कलम चौदा: कर्मचाऱ्याने दागिना घालू नये. दोन गुण वजा. चांगल्या बाईचे गुण कापताना हात जड होतो, म्हणून आधी ते लिहून टाकलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

स्टेशनसमोरचं दुकान. सगळी तरुण पोरं. रांग भराभर सरकते. उडोन अचूक, दाताला हवे तसे लागतात. भजी गरम. कोळंबीचं विचारलं तर "भिंतीवर लिहिलंय" म्हणून बोट दाखवलं. काडी पाडली. एक्केचाळीस सेकंद वाट पाहिली, शेवटी मीच उचलली. अंगावर दागिना कोणाच्याच नाही.

येताना टोफू आणला. फ्रिजमध्ये आधीचे दोन होते. आता तीन दिवस टोफू.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

बायपास, दुसरी भेट. पाऊस.

"या काका! भिजलात की!" मागच्या वेळी 'साहेब' होतो. शिष्टाचाराचा एक गुण वजा. मनगटात कडं तसंच, पुन्हा दोन वजा.

"मध्यम, गरम. सारात कोळंबी आहे का?"

बाईचा डाव हवेत थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं. मग अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "नाही, काका. कोळंबी नाहीये. सुकी मासळी आणि कोंबू." आणि कागद पुन्हा काढून दाखवला. सौजन्याला पूर्ण गुण, वेग मात्र कमी.

काडी पाडली. चार सेकंद. या वेळी बाई शेजारच्या टेबलाशीच पुसत उभी होती.

टॉयलेट विचारलं तर म्हणाली, "चला, मी येते," आणि दारापर्यंत सोडलं. आत टिपणं काढायला नऊ मिनिटं लागली. बाहेरून टकटक.

"काका? ठीक आहात ना? कडी लावली असली तर काढून ठेवा हं."

अशी सेवा मी तरी कुठे पाहिली नाही. फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नाही, 'इतर' मध्ये लिहिलं.

छत्री तिथेच राहिली. मुठीला शिझुएने नाव आणि फोन नंबरची पट्टी चिकटवलेली आहे, त्यामुळे हरवणार नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

स्टेशनचं दुकान, दुसरी भेट. पहिल्यासारखंच. काडी पुन्हा मीच उचलली.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

परवाच्या पानावर वार चुकला आहे. चौदाला बुधवार होता. लोकांच्या तारखा दुरुस्त करण्यात जन्म गेला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

बायपास, तिसरी भेट. दोन्ही दुकानांचे गुण इतके जवळ आहेत की आजचा दिवस महत्त्वाचा होता. आणि आजच घोटाळा झाला.

दारात पाय ठेवला तोच हाक. "कुसानो-सान! आलात! काय थंडी पडलीय!"

माझं नाव त्यांना कळलं कसं? मी कुठेही सांगितलेलं नाही.

काउंटरमागे सातही माणसांच्या मनगटात नारिंगी कडी, मॅनेजर तोकुनागाच्यासुद्धा. जणू माझ्या पहिल्या अहवालाला उत्तर. पण तो अहवाल तर माझ्याच खणात आहे. दोन गुण वजा.

"मध्यम, गरम. सारात—"

"कोळंबी नाही, काका. तुम्हाला चालत नाही ना? आमच्या लक्षात आहे." इसोबे बाई हसली. "रताळ्याची भजी ठेवलीय. गरम काढलीय आत्ता."

हीटरजवळची जागा माझ्यासाठी पुसून ठेवलेली. ट्रेवर काड्यांच्या दोन जोड्या. दोन! म्हणजे मी एक पाडणार हे त्यांना ठाऊक होतं.

तरी पाडली. नियम आहे. बाई खाली वाकत म्हणाली, "मीही दिवसातनं चारदा पाडते, काका. काय होतंय त्याने?"

मग गोंधळात, पाडायची काडी पाडून झाली की अजून राहिली आहे तेच आठवेना, म्हणून पुन्हा पाडली. तेव्हा तोकुनागा स्वतः आला. पस्तिशीचा मुलगा, कान लाल झालेले. "निवांत जेवा. इथे कोणाला घाई नाही."

निघताना बाईने चौकशी केली. घरी कोण असतं? मी. आणखी कोणी? मुलगी सेंडाईला. बस कोणती? माझी छत्री हातात घेऊन, एप्रनसकट, ती स्टॉपपर्यंत आली. ड्रायव्हरशी काहीतरी बोलली. मला एक कार्ड दिलं, त्यावर दुकानाचा नंबर. "मागे नाव-पत्ता लिहा आणि खिशात असू द्या. कधीही फोन करा, काका. कधीही."

उघडच आहे. मला ओळखलं आहे.

२१ फेब्रुवारी, बुधवार

स्टेशनचं दुकान, तिसरी भेट. मला कोणीही ओळखलं नाही. चांगल्या अर्थाने.

संध्याकाळी बेरीज केली. स्टेशन २४६, बायपास २४३.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

नियम सात: पाहणी करणारा ओळखला गेला तर त्या दुकानाचे तिन्ही अहवाल रद्द, गुण शून्य. तसं घडल्यास त्याने स्वतः कळवायचं.

तीन गुणांनी हरणं वेगळं. 'पाहणी करणाऱ्याच्या शिफारशी' नावाच्या रकान्यात मी बायपाससाठी दोन चांगली वाक्यं लिहिली होती. फरक इतका कमी असला तर कंपनी ती वाचते, असं मिझुगुचि बाई म्हणाल्या होत्या. शून्य झालं की कोण काय वाचणार? ते दुकान गेलंच.

आणि फसवलं कोणी? त्यांनीच ना? पाहणीवाला आला म्हणून गरम भजी, पुसलेली खुर्ची. 'काका, काका'. मला ते खरं वाटलं होतं याचा जास्त राग येतो.

मी गप्प बसलो तर कोणालाही कळणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका मित्राच्या हॉटेलात पाहुण्यांना विषबाधा झाली होती. ती बातमी मी चौथ्या पानावर आठ ओळींत बसवली. त्या आठ ओळी मला आजही तोंडपाठ आहेत.

पत्राचा मसुदा केला. 'कळवण्यास खेद वाटतो की...' इथपर्यंत.

२५ फेब्रुवारी, रविवार

मसुदा पुरा केला. उद्या पोस्टात टाकायचा. दिवसभर कशातही लक्ष नाही. दुपारी टोफू खाल्ला.

२६ फेब्रुवारी, सोमवार

मोठं पान होणार आज.

पत्र पाकिटात घालून बूट चढवत होतो तेवढ्यात बेल. दारात तिशीतली एक मुलगी. नाव ओनुमा, नगरपालिकेच्या ज्येष्ठ नागरिक मदत केंद्रातून. हातात फाइल.

"कुसानो-सान, रागावू नका हं. उडोनच्या दुकानातून फोन आला होता. तक्रार नाही. त्यांना काळजी वाटते."

"कसली?"

"इसोबे-सान म्हणाल्या, दर मंगळवारी एक काका येतात. तेच मागवतात, तोच प्रश्न विचारतात. टॉयलेट कुठे ते दर वेळी विचारतात आणि आत फार वेळ बसतात. आणि..." तिने फाइलमध्ये पाहिलं. "काडी पाडतात. एकदा तर लागोपाठ दोनदा."

"अहो, ती मी—" म्हणालो आणि तोंड मिटलं.

"नाव कुठून मिळालं त्यांना?" हे मात्र विचारलं.

"छत्रीवर होतं म्हणे."

तिच्या मनगटात तेच नारिंगी कडं. बोट दाखवून विचारलं, हे काय आहे?

"हे? विसरायचा आजार झालेल्या माणसांशी कसं वागायचं, त्याचं दीड तासाचं शिबिर असतं. ते केलं की मिळतं. इसोबे-सानचं जुनं आहे, त्यांच्या सासूबाईंच्या वेळचं. बाकीच्यांनी सतरा तारखेला केलं, दुकान उघडायच्या आधी. मीच गेले होते शिकवायला." तिने फाइल मिटली. "तुमच्यासाठीच बोलावलं होतं त्यांनी मला."

मी तिला चहा दिला. चहा ओतताना जितका वेळ मिळाला तितक्यात विचार केला. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी पाहणीवाला आहे, काडी मुद्दाम पाडतो, कोळंबी मला चालते. ती हसली असती आणि दुकानात फोन करून सांगितलं असतं. मग मी खरोखरच ओळखला गेलो असतो, निकालाच्या आधी. नियम सात.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. भलतंच ओळखलं होतं. त्यासाठी नियम नाही.

म्हणून म्हणालो, "हो. पडतात काड्या हल्ली."

"मग काही सोपे प्रश्न विचारू? चालेल?"

आज तारीख काय, आपण कोणत्या गावात, शंभरातून सात वजा, असलं. सुरुवातीला तीन शब्द सांगितले आणि शेवटी पुन्हा विचारले. दोन सांगितले. तिसरा जिभेवर होता. ओनुमाने नंतर सांगितला. लिहून ठेवायला हवा होता.

तीसपैकी सत्तावीस. "छान आहेत हो," ती म्हणाली. "पण सहा महिन्यांनी पुन्हा येईन. चालेल ना?" म्हटलं, या.

ती गेल्यावर ही दैनंदिनी मागे चाळली. तेराव्या तारखेच्या पानावर, माझ्याच अक्षरात, छत्रीची पट्टी. मी ते वीस तारखेला कसं विसरलो? कामाची घाई असेल.

सात वाजता चिहारूचा फोन.

"बाबा, केंद्रातल्या बाई बोलल्या माझ्याशी. तुम्ही काड्या पाडता म्हणे?"

"पडतात कधीतरी."

"आणि कोळंबीचं काय? चालत नाही सांगता तुम्ही? बाबा, तुम्हाला कोळंबी इतकी आवडते! माझ्या ताटातली उचलायचात!"

"आवडते अजून."

"मग?"

"मग काही नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "पंधरा मार्चला येते मी. तोपर्यंत गॅसवर काही ठेवून बाहेर जाऊ नका. प्लीज."

एका वाक्यात तिचं रडणं थांबवता आलं असतं. पण करारातली गुप्ततेची अट दोन वर्षांची आहे.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र फाडलं.

कलम चौदा पुन्हा वाचलं, या वेळी खालच्या बारीक टाइपसकट. 'आरोग्य अथवा समाजकार्याच्या उपक्रमाची खूण दागिना समजू नये.' तिन्ही भेटींचे कापलेले दोन-दोन गुण परत दिले. बायपास २४९.

हे मी मनाच्या ओढीने करतो आहे का, ते तपासायला भजीचे, जास्त शिजलेल्या उडोनचे आणि 'काका'चे गुण पुन्हा पाहिले. ते कापलेलेच ठेवले. 'काका'पाशी थोडा वेळ थांबलो. पण 'साहेब' असंच म्हणायचं हा त्यांचाच नियम आहे.

'पाहणी करणारा ओळखला गेला का?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. चार वाजून चाळीस मिनिटांनी पाठवलं.

१७ मार्च, रविवार

चिहारू आली आणि आज गेली. फ्रिज पाहिला, गॅस पाहिला, औषधाच्या डब्या वारांप्रमाणे लावल्या. "सेंडाईला या ना." म्हटलं, तिथे उडोन कुठे मिळतो? "मिळतो हो बाबा, सगळीकडे मिळतो." म्हटलं, तो उडोन नाही. ती हसली, म्हणून बरं वाटलं.

मी तिला बायपासवर नेलं नाही. निकाल लागायचा आहे.

१ एप्रिल, सोमवार

पाहणीवाल्याला निकाल कळवत नाहीत. म्हणून बसने स्टेशनला गेलो. दुकानाच्या काचेवर कागद: 'इतकी वर्षं दिलेल्या लोभाबद्दल आभारी आहोत.' आत एक मुलगा खुर्च्या एकावर एक रचत होता. उडोन खरोखर चांगले होते त्यांचे. कोपऱ्यावर उभा राहून हे आठवलं, आणि मग परतीची बस पकडली.

४ एप्रिल, गुरुवार

बायपास. आज कामाशिवाय, स्वतःच्या मनाने. गुरुवारी मुद्दाम गेलो.

"अहो काका! आज मंगळवार नाही, गुरुवार आहे," इसोबे बाई म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, कधीही यायचं. केव्हाही."

"मोठा. गार. वर कच्चं अंडं. आणि कोळंबीची भजी."

डाव पुन्हा हवेत थांबला. तोकुनागा भांडी सोडून पुढे आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका, कोळंबी चालत नाही ना तुम्हाला?"

"चालते. डॉक्टरांना विचारलंय." हे खोटं होतं. दुसरं काय सांगणार?

"नक्की?"

"नक्की. आवडते मला."

दोन भजी दिली तिने, एक तिच्याकडून. मी हीटरजवळ बसलो. हीटर बंद होता, तरी ती जागा माझीच समजून पुसून ठेवलेली होती. टॉयलेट विचारलं नाही, घड्याळ काढून खिशात ठेवलं. उडोन अजूनही अर्धं मिनिट जास्तच शिजवतात. सांगावं का? सांगायचं नाही असं ठरवलं. मग परत जाताना सांगून टाकलं. "ऐकलंस, तोकुनागा?" बाई आत ओरडली. "बाहेरची माणसं म्हणतात ते एक वेळ सोड, काका म्हणतायत!"

पण त्याआधीचं लिहायचं राहिलं. अर्धं जेवण झालं असताना काडी पडली. मी पाडली नव्हती. हातात होती आणि मग जमिनीवर होती. मी तिच्याकडे बघत बसलो.

इसोबे बाई नवी जोडी घेऊन आली. किती सेकंद लागले, मोजले नाहीत. "असू द्या," ती म्हणाली. मी उजव्या हाताची बोटं दोनदा मिटून उघडली आणि पुढे खाल्लं.

निघताना पाकिटातून तिने दिलेलं कार्ड काढलं. काउंटरवर ठेवूनच मागे लिहिलं: कुसानो शिगेरू, पत्ता, खाली चिहारूचा नंबर. एकही आकडा बघून लिहावा लागला नाही.

"माझ्या खिशात नको," म्हणालो. "इथेच असू द्या तुमच्याकडे."

तिने दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि कॅशच्या मागे, यादीच्या कागदाशेजारी टाचलं.